सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे

मे महिना संपत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या की आंबोलीकडे किंवा महाबळेश्वरच्या उतारांवर जुन्या आंब्या-फणसाच्या, ऐनाच्या खोडांकडे मान वर करून बघत चला, कुठेतरी हातभर लांब गुलाबी-पांढरा तुरा खाली लोंबताना दिसेलच. ही सीतेची वेणी. काही जण द्रौपदीमाला पण म्हणतात. आणि शेजारी उभा असलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "अरे ते बांडगूळ आहे, झाड खातंय, काढून टाका." हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण नेमकं हेच ती करत नाही.

बांडगूळ आपली मुळं फांदीच्या आत घुसवतं आणि झाडाचं पाणी, क्षार ओढून घेतं. सीतेची वेणी म्हणजे आमरी, ऑर्किड, आणि तिची मुळं सालीच्या फक्त वरवर चिकटलेली असतात, आत जातच नाहीत. झाडाकडून तिला बसायला जागा हवी असते आणि थोडा उजेड, बास. पाणी पावसाचं, धुक्याचं. खत म्हणाल तर सालीच्या भेगांत अडकलेला पालापाचोळा, धूळ आणि पावसाच्या पाण्यातून जे काय विरघळून येईल ते.

ही मुळं एकदा जवळून बघाच. बोरूएवढी जाड आणि कोरडी असताना चुना लावल्यासारखी पांढुरकी दिसतात, कारण त्यांच्यावर मेलेल्या, पोकळ पेशींचं एक स्पंजसारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडा, बघता बघता पांढरा रंग जातो आणि मूळ हिरवं दिसायला लागतं. पाण्यानं आवरण भरलं की ते पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसतं, म्हणजे या वनस्पतीची मुळंसुद्धा उन्हात अन्न तयार करतात! मी लहान मुलांना घेऊन गेलो की पहिलं हेच दाखवतो.

आता प्रश्न असा की पावसाळ्यानंतर सात-आठ महिने थेंब नाही, मग जगते कशी? पानं जाड, चामड्यासारखी, मधोमध घडी घातलेली, पाणी साठवून ठेवणारी. शिवाय ती दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, बंद ठेवते आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते, तो आम्लाच्या रूपात साठवते आणि दुसऱ्या दिवशी ऊन आलं की वापरते. निवडुंग आणि अननसाचीही हीच पद्धत.

शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये तिला एपिडेंड्रम या प्रजातीत टाकलं होतं, त्याचा अर्थच "झाडावरचं", पुढे ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1825 मध्ये आजचं नाव दिलं. रेट्यूसा म्हणजे टोकाला खाच असलेली. पानाचं टोक बघितलंत तर कुणीतरी चावा घेतल्यासारखं तुटकं दिसतं, ओळखायची सोपी खूण आहे.

एका तुऱ्यात शंभराहून जास्त फुलं असू शकतात, एकेक साधारण 2 सेंटीमीटरचं, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके आणि पुढे आलेली एक गडद जांभळी पाकळी. परागकण सुटे उडत नाहीत, त्यांचे दोन पिवळे गोळे असतात आणि खाली चिकट चकती, कीटक आत घुसून बाहेर पडताना ते अख्खे त्याला चिकटतात. गवताची बारीक काडी हलकेच आत घालून बाहेर काढली तर टोकावर दोन पिवळे मणी येतात, पण एका फुलापुरतंच करा, कारण परागाचा सगळा साठा तेवढाच असतो. एखाद्या फुलाला फळ धरलं तर त्यात बिया मात्र लाखो, अगदी पिठासारख्या, वाऱ्यावर उडणाऱ्या.

आणि इथेच खरी अडचण आहे. या बीमध्ये साठवलेलं अन्नच नसतं. सालीवर योग्य जातीची बुरशी भेटली आणि तिच्याकडून साखर मिळाली तरच अंकुर धरतो, नाहीतर संपलं. त्यातून रोप वाढून पहिला तुरा यायला कित्येक वर्षं जातात. म्हणून ट्रेकवरून कुणी "एकच नेतो" म्हणून खोडावरून ओरबाडून आणतं ना, तेव्हा मुळांची टोकं तुटतात, बाल्कनीत कुंडीत मातीत पुरल्यावर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. आमच्या ओळखीतल्या एकांनी हेच केलं होतं, दोन महिन्यांत काळी पडली.

आसाममध्ये हिलाच कपौ फूल म्हणतात, तिथे ती एप्रिलमध्ये फुलते आणि बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल, दोन्हींचं राज्यफूल हेच. आपल्याकडे नावात वेणी, तिकडे खरोखरच वेणीत.

वादळात फांदी पडली आणि तिच्यावर सीतेची वेणी असली तर मी ती अलगद सोडवून जवळच्याच जुन्या आंब्याला सुतळीनं बांधतो, मुळं सालीला टेकतील अशी, खालच्या अर्ध्या सावलीत. जूनमध्ये बांधलेलीची सप्टेंबरपर्यंत हिरव्या टोकाची नवी मुळं सालीवर सरकायला लागलेली असतात आणि सुतळी कुजून गळते तोवर तिची गरजच उरलेली नसते.