सैनिकी उड्डाणयोग्यता
लष्करी विमान, त्याचे इंजिन व त्यावरील आयुधे ठरविलेल्या मर्यादेत सुरक्षितपणे वापरता येतील, अशी अधिकृत ग्वाही देणारी तांत्रिक व प्रशासकीय व्यवस्था. नागरी विमानांचे नियमन करणाऱ्या महासंचालनालयाच्या कक्षेत लष्करी विमाने येत नाहीत. भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे (देखभाल विभागाचे) मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात असून ओझर, कानपूर, चंडीगड इत्यादी ठिकाणचे बेस रिपेअर डेपो (दुरुस्ती केंद्रे) त्याच्या अखत्यारीत आहेत.

भारतातील या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा, हा प्रश्न वादाचा आहे. दैनंदिन देखभालीची नोंदपद्धती उघडच ब्रिटिश हवाई दलाकडून आलेली आहे. त्यामुळे आरंभ स्वातंत्र्यपूर्व काळात नेण्याकडे कल दिसतो. मात्र नोंद ठेवणे आणि रचनेचे प्रमाणन करणे, म्हणजे ती सुरक्षित असल्याची अधिकृत मान्यता देणे, ही कामे भिन्न आहेत. प्रमाणनापुरते पाहता लष्करी विमाने व त्यांवरील सामग्रीची रचना, विकास व उत्पादन यांसाठीच्या ‘डीडीपीमास’ या १९७५ च्या कार्यपद्धतीला आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ती २००२ मध्ये सुधारण्यात आली व पुढे तिची जागा ‘इम्टार-२१’ या नियमावलीने घेतली. रचनेचे प्रमाणन बंगळूरची ‘सेमिलॅक’ ही संस्था करते, तर उत्पादनाच्या गुणवत्तेची हमी वेगळे महासंचालनालय देते. सेमिलॅक ही विमानविकासात सहभागी असलेल्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेचाच घटक असल्याने तिच्या स्वायत्ततेविषयी घेतला जाणारा आक्षेप गंभीरपणे विचारात घेण्याजोगा आहे.

हवाई तळावर नियमनाचे प्रत्यक्ष रूप म्हणजे ‘फॉर्म ७००’ हे विमानाच्या देखभालीचे नोंदपुस्तक. उड्डाणापूर्वी इंजिन, सांगाडा, विद्युत इत्यादी शाखांचे तंत्रज्ञ आपापली तपासणी करून त्यावर सही करतात. वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो आणि उतरल्यावर आढळलेले स्नॅग (बिघाड) नोंदवितो. काम संपताच हत्यारे मोजली जातात. पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच असते व एक खाच रिकामी आढळली, तरी पाना सापडेपर्यंत विमान सोडले जात नाही. ही सही व्यक्तीला उत्तरदायी करते, म्हणून तिला निव्वळ कारकुनी समजणे चुकीचे आहे.

तथापि कागद वाढल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही. २००६ मध्ये अफगाणिस्तानात ब्रिटिश निमरॉड विमान कोसळून १४ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानप्रकाराचे सुरक्षिततेचे दस्तऐवज तयार होते. परंतु ते तयार करताना धोक्यांचा खरा शोध घेतला गेला नव्हता, असा निष्कर्ष २००९ च्या चौकशीने काढला. त्यानंतर ब्रिटनने २०१० मध्ये सैनिकी विमानचालनासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापन केले.