लॅकर पांढरं का पडतं, आणि खळ्यातला स्प्रेचा मांडव

ऑगस्टात फणसाचा देव्हारा बनवून झाला, चतुर्थी तोंडावर आलेली, पाऊस जरा उघडला तसा पडवीतच ठेवला आणि लॅकरचे, म्हणजे थिनरमध्ये पातळ केलेल्या झटपट सुकणाऱ्या पॉलिशचे, दोन कोट स्प्रेगनने मारले. पाच मिनिटांत त्या पिवळ्याधमक लाकडावर साय धरल्यासारखं पांढरट आलं, आधी कडांना, मग सगळ्या फळीभर. मला वाटलं थिनरच भेसळीचा, पण त्याच डब्यातल्या थिनरने पुढे डिसेंबरात काचेसारखं काम झालं. फरक हवेचा होता.

थिनरचा थेंब तळहातावर घ्या, लगेच गार लागतो. उडून जाताना तो उष्णता ओढून घेतो, माठातलं पाणी जसं गार होतं तसंच. गनमधून मारलेला पातळ थर तर भराभर उडतो, त्यामुळे लाकडाचा वरचा भाग भोवतालच्या हवेपेक्षा काही डिग्री थंड होतो. आता हवा ३० डिग्री आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, आपल्याकडे पावसाळ्यात ही रोजचीच गोष्ट, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २७ डिग्रीवर असतो, म्हणजे थर फक्त तीन डिग्री उतरला की हवेतलं पाणी त्याच्यावर जमायला लागलं. तीच आर्द्रता ५० टक्के असती तर दवबिंदू १८ च्या आसपास, तिथवर थर सहसा उतरतच नाही. जमलेलं पाणी लॅकरमध्ये बारीक कणांनी अडकतं आणि उजेड विखुरतो, दूध पांढरं दिसतं त्याच कारणाने.

जॉन फ्रेडरिक डॅनियल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२० मध्ये आर्द्रता मोजायचं जे उपकरण केलं ते याच तत्त्वावर होतं: ईथर उडवून काचेचा गोळा गार करायचा आणि त्याच्यावर दव कधी धरतं ते बघायचं. माझ्या देव्हाऱ्याने नेमकं तेच मोजून दाखवलं.

म्हणून आता मी स्प्रेचं काम पावसाळ्यात घेतच नाही. पाऊस गेल्यावर खळं सारवून होतं, सारवण कडकडीत सुकलं की धूळ फार उडत नाही, तिथेच घरापासून लांबच्या कोपऱ्यात चार पोफळीचे वासे रोवून वर ताडपत्री आणि दोन बाजूंना प्लास्टिक लावतो. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारायची सवय बऱ्याच जणांना असते, पण मारायचंच तर आदल्या संध्याकाळी, नाहीतर आपणच मांडवात दमटपणा आणून ठेवतो. वेळही महत्त्वाची. पहाटे दव असतं, दुपारी खारा वारा सुटला की समुद्राची ओल घेऊन येतो, मधे दहा ते बारा हा वेळ जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्याचा, थंडीच्या दिवसांत माझा आर्द्रतेचा काटा तेव्हाच सगळ्यात खाली असतो. वारा पाठीवर घेऊन उभं राहू नका, तो अंगाला वळसा घालून सगळं धुकं तोंडाशी आणतो, आडवा घ्या.

गनला दाबलेली हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे तर कोणी बघतच नाही. ३० डिग्रीला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरू शकते, आपल्या ८५ टक्केवाल्या हवेत असते २६ ग्रॅमच्या आसपास. आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंबली आणि ती परत ३० डिग्रीला आली की २०८ ग्रॅममधली ३० च वाफ राहते, उरलेलं पाऊणेदोनशे ग्रॅम पाणी टाकीत! तेच गनमधून थुंकलं जातं आणि पॉलिशला खड्डे पडतात. टाकीखालचा नळ काम सुरू करायच्या आधी रोज उघडायचा आणि पाइपला पाणी अडवणारा फिल्टर लावायचाच.

आगीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती वर उडून न जाता जमिनीलगत सरपटत जाते, उंबरा ओलांडून थेट चुलीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत. टोल्युइन ४ डिग्रीलासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या उन्हाचं काय घ्या. घराचं दार लावून घ्या, चूल-समई विझवा, आणि साधा टेबलफॅन वाफ बाहेर ओढायला लावू नका, त्याच्या बटणातली ठिणगी पुरते. फॅन हवाच असेल तर लांब, स्वच्छ हवेच्या बाजूला, हळू. एनसी लॅकरची वाळलेली पूडसुद्धा भडकते, कारण एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, बंदुकीच्या बिनधुराच्या दारूतलाच पदार्थ. म्हणून ती झाडून पाण्याच्या बादलीत. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफेला अडवत नाही, कोळशाच्या काडतुसांचाच लागतो. आणि हार्डनरवालं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, घरी मारूच नका, त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो.

तो देव्हारा मी खरवडला नाही. डिसेंबरातल्या एका कोरड्या सकाळी मांडवात नेला आणि सावकाश उडणाऱ्या थिनरचा, त्याला रिटार्डर म्हणतात, अगदी हलका हात दिला. थर परत मऊ झाला, आतलं पाणी निघून गेलं, आणि बघता बघता कडेपासून फणसाचा पिवळा रंग वर यायला लागला.