कचऱ्याचे कंत्राट आणि कापलेला रुपया : पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्रींचे ओतकाम परदेशात जाते. तिकडचे खरेदीदार आता मालाच्या दर्जाबरोबर आणखी काही विचारू लागले आहेत. कारखान्यातली वापरून झालेली वाळू आणि भंगार कोण उचलते, त्या माणसांना मजुरी कोण देते, त्यांची ओळखपत्रे कुणाकडे असतात? 'आधुनिक गुलामगिरी' हे शब्द वाचून अनेकांना हा परदेशी सोस वाटतो. मात्र यातल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

वेठ मोडण्यात कोल्हापूर संस्थान पुढे होते. राजर्षी शाहूंनी १९१८ ते १९२० या काळात सक्तीच्या सेवेला बांधून ठेवणारी महार वतने आणि वेठवरळा बंद केला. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी देशभर बेकायदा ठरवली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची कर्जे रद्द केली आणि वेठ नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली.

त्यानंतरचा १९८२ चा निकाल सगळ्यात महत्त्वाचा. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदाराकडून ती जमादाराच्या हाती जायची. जमादार एक रुपया दलाली कापायचा आणि मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे टेकवायचा. न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही २३ व्या अनुच्छेदाखालची सक्तीची मजुरी आहे. उपाशी माणूस मिळेल त्या दराला हो म्हणतो, तेव्हा त्याच्यावर भुकेची सक्ती असते आणि कायद्याने तीही सक्तीच मानायची. ठेकेदार मध्ये आहे म्हणून काम देणाऱ्या सरकारची सुटका होत नाही, हेही त्याच निकालात आले. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबत हाच न्याय लागला. ही तर मदत आहे, मजुरी कमी चालेल, हा सरकारचा युक्तिवाद टिकला नाही.

या निकालावर वाद आहे. वेतनातली प्रत्येक तूट वेठ मानली तर वेठीला सीमाच उरणार नाही, असे कायद्याची अनेक जाणकार माणसे म्हणतात. किमान वेतनासाठी कामगार कार्यालय आहे, तिथे तक्रार करावी, असा व्यवहारी सल्लाही मिळतो. प्रशासनाने प्रत्यक्षात हीच वाट धरली आणि वेठ म्हटले की साखळी आणि कुलूप शोधायचे असा पायंडा पडला. मला हा आक्षेप पटत नाही. कचऱ्याच्या कामात तो एक रुपया आजही कापता येतो, फक्त रीत बदलते. पगार बँकेत जमा होतो पण एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असते. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, भरला जात नाही. एका हजेरीत दोन पाळ्या होतात. त्याच्याही आधी टेंडरचा दर पाहावा. त्या दराला माणसांच्या संख्येने भागून किमान वेतन, निधी, विमा आणि साप्ताहिक सुट्टी भागत नसेल, तर कुणाच्या मजुरीतून तूट निघणार हे टेंडर उघडले त्या दिवशीच ठरलेले असते. घंटागाडी, टिपर, कोंडाळे उचलणारी टोळी, सगळ्यांना हा हिशेब लागू आहे.

उचल हा दुसरा गुंता. ऊसतोडीमुळे आपल्याकडे तो सर्वांना ठाऊक आहे, भंगारात मात्र तिचे रूप वेगळे असते. कचरा वेचणारी बाई दवाखान्यासाठी दुकानदाराकडून उचल घेते आणि मग तिने गोळा केलेले प्लास्टिक, पत्रा त्याच दुकानात, त्याच्याच दराने घालावे लागते. तिला पगार नाही, मालक नाही, म्हणून ही वेठ नाही असे समजले जाते. पण १९७६ च्या कायद्याच्या व्याख्येत कर्जापोटी आपल्या श्रमाचे उत्पादन बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणे हेही आहे. १९८५ च्या दुरुस्तीने कंत्राटी आणि स्थलांतरित कामगारही, तशा परिस्थितीत असतील तर, याच व्याख्येत येतात असे स्पष्ट केले.

२००१ मध्ये मात्र वारे फिरले. कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कंत्राट नुसते कागदोपत्री आहे हे सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता तेवढा उरला. मुंबईच्या २,७०० सफाई कामगारांना त्याच रस्त्याने २०१७ मध्ये यश आले.

परदेशी कायदे त्यानंतरचे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना पुरवठादारांविषयी वार्षिक निवेदन सक्तीचे केले. २०१९ मध्ये तिथे एका टोळीला शिक्षा झाली. तिने पोलंडहून आणलेल्या माणसांपैकी अनेकांना कचरा वेगळा करण्याच्या केंद्रांत राबवले होते, आणि पीडितांची संख्या ४०० च्या वर असावी असा अंदाज होता. २०२० मध्ये अमेरिकेने मलेशियातल्या एका मोठ्या हातमोजे उत्पादकाचा माल अडवला. तिथल्या कामगारांत नोकरीसाठी दलालाला पैसे देऊन कर्जात बुडालेले नेपाळी आणि बांगलादेशी होते. आपल्या सफाई कामगाराला हातमोजे द्या असे आपण योग्यच म्हणतो, पण ते कुणी बनवले हाही पुरवठ्याचाच भाग आहे. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू झाला.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता आल्या. मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमायला बंदी आहे, त्याला अपवादही आहेत. सफाई आणि कचरा उचलणे हे मुख्य काम धरायचे नाही, मात्र आस्थापना त्याच कामासाठी उभी नसेल तरच, असे व्याख्येत म्हटले आहे. फाउंड्रीला ही सवलत सरळ मिळते. कचऱ्याचाच धंदा करणाऱ्या कंपनीला मिळत नाही. महापालिकेचे काय? घटनेच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन नागरी संस्थांच्या कामांत मोजले आहे, त्यामुळे तिचे ते मुख्य काम आहे असे म्हणायला भक्कम आधार आहे. यावर वाद होतील. ठेकेदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाने ती भरायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची, ही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातली तरतूद नव्या संहितेतही कायम आहे.