मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शन: आधी सुई, मग कारण

मणक्यांमधील गादी सरकली की कंबर दुखते आणि पायात कळ उतरते, हे आज सर्वपरिचित असले, तरी त्यावरचे इंजेक्शन या समजुतीहून जुने आहे. १९०१ मध्ये पॅरिसमध्ये सिकार या डॉक्टरांनी सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेच्या, रुग्णांना माकडहाडाजवळच्या छिद्रातून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील एपिड्युरल पोकळीत, कोकेनचे द्रावण दिले. हे दुखणे सरकलेल्या गादीमुळे होऊ शकते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी ठळकपणे मांडले ते १९३४ मध्ये.

स्टेरॉइड आले एका वेगळ्याच आजारातून. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिल्यावर विलक्षण आराम पडला आणि १९५० मध्ये या संशोधनासाठी हेंच, केंडाल व राइकश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांत इटलीतील रोबेक्की आणि काप्रा यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे त्याच जातीचे औषध मज्जातंतूच्या मुळाशी, म्हणजे तो मणक्यातून बाहेर पडतो तेथे, सोडले. गादी मुळावर केवळ दाब देत नाही, तर तिच्यातील मऊ गर तेथे दाहही निर्माण करतो, हे मात्र पुढे हळूहळू स्पष्ट झाले. स्टेरॉइड हा दाह शमवते; सरकलेली गादी ते जागेवर आणत नाही. त्यामुळे त्याचा उपयोग नुसत्या कंबरदुखीपेक्षा पायात जाणाऱ्या वेदनेला अधिक होतो, आणि हा भेद रुग्णाला सुई टोचण्यापूर्वीच सांगितला गेला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

१९९७ मध्ये कॅरेट आणि सहकाऱ्यांनी १५८ रुग्णांवर केलेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी पायाची वेदना काहीशी कमी आढळली; तीन महिन्यांनी मात्र स्टेरॉइड आणि निव्वळ सलाइन यांत लक्षणीय फरक उरला नाही. वर्षअखेरपर्यंत शस्त्रक्रियेची वेळही दोन्ही गटांत सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांवर आली. ज्याला वेदनेमुळे झोपही लागत नाही, त्याच्यासाठी काही आठवड्यांचा आराम क्षुल्लक नसतो, शिवाय अनेकांची सरकलेली गादी त्या अवधीत आपोआप आक्रसते.

क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई नेमकी पोहोचवता येऊ लागल्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली. धोका मात्र संपला नाही: २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइडमुळे साठहून अधिक जण दगावले. दूषित औषधाचा प्रश्न वेगळा धरला, तरी २०१४ मध्ये तेथील औषध नियंत्रक संस्थेने या इंजेक्शनांनंतर क्वचित दृष्टी जाणे, पक्षाघात वा मृत्यू संभवतो, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात देणे बंधनकारक केले.