बोर्खा की बोर्जा? ढालीवरच्या लाल बैलाची कुळकथा

स्पेनमध्ये या आडनावाचा उच्चार 'बोर्खा', इटलीत 'बोर्जा'. कुळ एकच. त्यात दोन पोप झाले, आणि त्याची बदनामी पाचशे वर्षांनंतरही विटलेली नाही. गंमत अशी की मूळ उच्चाराला इटालियन रूपच जवळचं आहे. पंधराव्या शतकात व्हॅलेन्सियातून रोमला गेलेली ही माणसं 'जिरं'मधल्या ज-सारखा उच्चार करायची. इटालियन लेखनिकांनी कानाला आलं तसं, आपल्या लिपीच्या रिवाजानं लिहून घेतलं. पुढे स्पेनमध्येच त्या ज-चा ख झाला. आडनाव घरी बदललं, परगावी जुनंच राहिलं.

आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखंच हे गावावरून पडलेलं. बोर्खा हे गाव आरागॉनमधलं, सारागोसा प्रांतात, मोंकायो डोंगराच्या बाजूला. 2012 मध्ये इथल्याच एका देवळातल्या येशूच्या भित्तिचित्राची एका वृद्ध बाईंनी 'दुरुस्ती' केली आणि जगभर हसू झालं, तेच हे गाव. नावाचा उगम अरबी 'बुर्ज'मध्ये सांगतात. तो शब्द फारसीतून आपल्याकडे येऊन 'बुरूज' झाला, म्हणून मराठी माणसाला ही व्युत्पत्ती चटकन पटते. पण इथल्या प्राचीन केल्टीबेरियन लोकांच्या, इसवी सनापूर्वीच्या नाण्यांवर 'बुर्साउ' असं नाव आहे, आणि अरब स्पेनमध्ये उतरले 711 मध्ये. तेव्हा जुन्या नावातच त्यांना आपला बुरूज ऐकू आला असावा, असं मला वाटतं.

तेराव्या शतकात आरागॉनच्या जाउमे राजानं व्हॅलेन्सिया जिंकलं. त्या भागात जमिनी मिळवून जी कुटुंबं वसली त्यांत हेही होतं. ते शातिवा गावात स्थिरावलं. तालेवार म्हणावं असं काही नाही, बऱ्यापैकी जमीनजुमला असलेलं घर. पण त्यातले आल्फोन्सो 1455 मध्ये तिसरे कॅलिक्स्टस या नावानं पोप झाले आणि लगोलग वंशावळीला पालवी फुटली. बाराव्या शतकात बोर्खाची जहागीर सांभाळणारा, राजवंशातला पेद्रो दे आतारेस हा आपला मूळपुरुष, असं घराणं सांगू लागलं. अडचण एवढीच की आतारेस 1151 मध्ये निपुत्रिक वारला. पैसा आला की वंशवृक्षाला वरच्या बाजूनं मुळं फुटतात, हे काही स्पेनपुरतं खरं नाही.

कुलचिन्ह त्या मानानं साधं. सोनेरी ढाल, खाली हिरवी जमीन, तिच्यावर लाल बैल. कडेच्या पट्टीत आठ आकृत्या: कुठे त्या ज्वाळा दिसतात, कुठे गवताचे झुपके. बैल चरणारा असेल तर गवत शोभतं. रोममध्ये मात्र ज्वाळाच जास्त शोभल्या असणार. कॅलिक्स्टस यांचे भाचे रोद्रिगो 1492 मध्ये सहावे अलेक्झांडर झाले. त्यांनी ढाल उभी दुभागली: एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला दोम्स घराण्याचे सोनेरी-काळे आडवे पट्टे. वर पोपच्या किल्ल्या आणि मुकुट.

हा बैल कुठवर चढला ते व्हॅटिकनमधल्या बोर्जा दालनांत कळतं. पिंतुरिक्क्योनं ती 1492 ते 1494 मध्ये रंगवली. संतांच्या दालनात मान वर केली की छतावर येशू नाही, इजिप्तची इसिस, ओसिरिस आणि त्यांचा पवित्र बैल एपिस दिसतो. शातिवातला चरणारा बैल थेट नाईलकाठच्या देवाच्या पंक्तीला नेऊन बसवला! नंतर पोप झालेले दुसरे ज्युलियस या दालनांत राहायला तयार झाले नाहीत. त्यांनी वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं आणि तिथल्या भिंती राफाएलकडून रंगवून घेतल्या.

याच अलेक्झांडर यांनी 1493 मध्ये अटलांटिकवर रेघ ओढून स्पेन आणि पोर्तुगालमध्ये नव्या मुलखांची वाटणी केली. पोर्तुगालला ती पटली नाही. 1494 च्या तोर्देसियास तहात रेघ पश्चिमेला सरकली, आणि पूर्वेचा समुद्र पोर्तुगीजांकडे राहिला. गोवा त्यांनी घेतला 1510 मध्ये. त्याच वर्षी व्हॅलेन्सिया भागातल्या गांदियात अलेक्झांडर यांचा पणतू फ्रान्सिस्को जन्मला. सरदारकी सोडून तो जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघात गेला, 1565 पासून 1572 पर्यंत त्या संघाचा प्रमुख होता, म्हणजे गोव्याचे जेझुइटही त्याच्याच हुकमतीत. आज तो संत म्हणून पुजला जातो.

पर्यटनस्थळी दुकानांत आडनाव सांगा, ढाल घेऊन जा, असा धंदा चालतो. घेणाऱ्यांनी घ्यावी, पण आडनाव एक म्हणून कुळ एक होत नाही; ढाल वंशाची असते, अक्षरांची नाही. रोमजवळच्या वेल्लेत्रीतही बोर्जा होते. त्यांतले स्तेफानो बोर्जा 1770 पासून 1789 पर्यंत रोममधल्या धर्मप्रसार मंडळाचे सचिव होते. मंडळाचा स्वतःचा छापखाना होता. तिथे 1771 मध्ये देवनागरी खिळे वापरून वर्णमालेचं पुस्तक निघालं, आणि 1778 मध्ये मराठीचं व्याकरण, पोर्तुगीजमधून लिहिलेलं. निजामशाही-आदिलशाहीच्या मुलखात सर्रास बोलली जाणारी भाषा, अशी मराठीची ओळख त्याच्या मुखपृष्ठावरच दिली आहे.