किफिसिया

किफिसिया : अथेन्सचे (ग्रीस) ईशान्येकडील उपनगर व प्राचीन ॲटिकातील (अथेन्सभोवतालचा प्रदेश) एक डीम (स्थानिक प्रशासकीय घटक). प्राचीन ग्रंथांत ‘केफिसिया’ असे रूप येते. पेंतेली पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून साधारण 250 ते 300 मी. उंचीवर हे वसले आहे. पश्चिमेस किफिसॉस नदीचे खोरे आहे. केफालारी भागातील झरे, चिनार व पाइन वृक्षांची दाटी आणि उंची यांमुळे उन्हाळ्यात येथील हवा अथेन्सपेक्षा थंड असते. पार्निथा पर्वताकडून अथेन्सला पाणी नेणारा रोमन सम्राट हेड्रियनचा भूमिगत जलमार्ग याच परिसरातून जातो.

वसाहतीच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद आहेत. पौराणिक राजा केक्रॉप्सने ॲटिकाची बारा नगरांत विभागणी केली व थीसियस या पौराणिक राजाने पुढे ती अथेन्समध्ये एकत्र आणली, अशी परंपरा फिलोकोरस या इतिहासकाराच्या (इ. स. पू. तिसरे शतक) आधारे प्राचीन ग्रीक भूगोलज्ञ स्ट्रेबोने नोंदविली आहे. त्या यादीत केफिसिया आहे. तथापि स्ट्रेबोच्या संहितेत नावे अकराच भरतात व बारावे म्हणून फालेरॉन धरावे की नाही, हा वाद आहे. काही अभ्यासक या यादीत एकीकरणापूर्वीच्या स्वतंत्र वसाहतींची स्मृती पाहतात. परंतु यादीत एकेकटी गावे व ‘टेट्रापोलिस’सारखे ग्रामसमूह एकत्र आले आहेत, तसेच बारा हा आकडाही सांकेतिक वाटतो; त्यामुळे ती उत्तरकालीन जुळवाजुळव मानणे अधिक सयुक्तिक ठरते. निश्चित इतिहास अथेन्सचा मुत्सद्दी क्लाइस्थेनीझ याच्या राजकीय सुधारणांपासून (इ. स. पू. 508–507) सुरू होतो. त्या व्यवस्थेत केफिसिया एरेख्थेइस या गणात (अनेक डीमांचा राजकीय विभाग) होते व अथेन्सच्या पाचशे सभासदांच्या परिषदेवर सहा सभासद पाठवी.

नाटककार मिनँडर (इ. स. पू. सु. 342–सु. 290) याच डीमचा होता. मात्र त्याचा जन्म येथेच झाला, हे अनेक ठिकाणी आढळणारे विधान जपून घ्यावे लागते. डीमची नोंद वंशपरंपरेने चालत असल्याने तीवरून कुटुंबाचे मूळ कळते, व्यक्तीचे जन्मस्थान नव्हे.

रोमन काळात वक्तृत्वशास्त्रज्ञ व धनाढ्य दाता हेरोडीझ ॲटिकस (सु. 101–177) याचा प्रासाद येथे होता. त्याचा पाहुणा, रोमन लेखक ऑलस जेलिअस याने तेथील राया, लांब फेरफटक्याच्या वाटा, स्नानगृहे, वाहते पाणी व पक्ष्यांचा किलबिलाट यांचे वर्णन केले आहे. पुतळे हलविणाऱ्यास शाप देणारे हेरोडीझचे शिलालेख, तसेच 1961 मध्ये सापडलेले त्याचे व त्याचा मानसपुत्र पॉलिड्यूकीझ याचे अर्धपुतळे या वर्णनाला पूरक आहेत. प्लातानोस चौकाजवळ 1866 मध्ये उघडकीस आलेल्या दफनगृहात कोरीव संगमरवरी शवपेट्या आहेत; त्यांतील एकीवर ग्रीक पुराणकथेतील लीडा व हंस यांचे शिल्प आहे. त्या हेरोडीझच्या कुटुंबीयांच्या असाव्यात, हे मत अनुमानावर आधारलेले असून शवपेट्यांचा काळ मात्र त्याला प्रतिकूल नाही.

ऑटोमन अमदानीत हे मुस्लिम व ख्रिस्ती अशा मिश्र वस्तीचे गाव होते. चौकातील मशीद व प्रचंड चिनार वृक्ष यूरोपीय प्रवाशांच्या नजरेत भरत. किफिसिया अथेन्सच्या सुखवस्तू वर्गाचे उन्हाळी ठिकाण बनले, ते मुख्यतः 1885 मध्ये आलेल्या मीटरमापी लोहमार्गामुळे. त्याच्या वाफेच्या गाडीला लोक ‘थिरिओ’ म्हणजे श्वापद म्हणत. हवेल्या व हॉटेले याच सुमारास उभी राहू लागली. ती गाडी 1938 मध्ये बंद झाली आणि 1957 मध्ये पिरीअसहून येणारा विद्युत् लोहमार्ग किफिसियापर्यंत वाढविण्यात आला. डिसेंबर 1944 मधील अथेन्सच्या संघर्षात येथील ब्रिटिश हवाई दलाचे मुख्यालय ‘एलास’ या ग्रीक डाव्या प्रतिकार सेनेच्या सैनिकांनी जिंकले होते.

लेखिका पेनेलोपी डेल्टा (1874–1941) येथे राहत असे. तिच्या घरात आता बेनाकी संग्रहालयाचा ऐतिहासिक दप्तरखाना आहे. गूलांद्रिस निसर्गेतिहास संग्रहालयाची स्थापना 1964 मध्ये झाली. 2011 मध्ये एकाली व नेआ एरिथ्राइआ ही शेजारची वस्ती किफिसियाच्या नगरपालिकेत विलीन करण्यात आली. यांपैकी नेआ एरिथ्राइआ 1922 नंतर आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेले आहे. 2011 च्या जनगणनेनुसार विस्तारित नगरपालिकेची लोकसंख्या सु. 71 हजार होती.