क्राइम क्लबचं पुस्तक की बुक क्लबचं?

जुन्या ब्रिटिश रहस्यकथांच्या पुठ्ठा बांधणीच्या प्रती जमवायला लागलं की पहिला घोटाळा ‘क्लब’ या शब्दाचा होतो. माझाही झाला. एका विक्रेत्यानं फोटोखाली ‘क्लब आवृत्ती’ असं लिहिलं होतं. मी स्वस्तातलं पुनर्मुद्रण समजून पुढे गेलो. वेष्टनावरचा बुरखाधारी पिस्तूलवाला फोटोत चांगला दिसत होता, पण तो कोण हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते होतं कॉलिन्स क्राइम क्लबचं बोधचिन्ह. हा क्लब नावापुरताच. विल्यम कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं १९३० साली फक्त रहस्यकथांसाठी घेतलेलं हे वेगळं नाव. वाचकानं पत्ता कळवला की नव्या पुस्तकांचं माहितीपत्रक फुकट घरी यायचं. वर्गणी नाही, पुस्तक घ्यायचं बंधनही नाही. पुस्तक दुकानातूनच घ्यायचं, तेही पूर्ण किमतीला: सुरुवातीच्या काळात साडेसात शिलिंग, म्हणजे वेष्टनावर ७/६ (सात शिलिंग सहा पेन्स). अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या गुप्तहेर बाईंची पहिली कादंबरी ऑक्टोबर १९३० मध्ये इथूनच आली. १९९४ साली हे नाव बंद झालं तोवर २,०००हून जास्त पुस्तकं निघाली होती. तेव्हा आत ‘क्राइम क्लबसाठी प्रकाशित’ असा मजकूर दिसला तर ती पहिली आवृत्ती असू शकते. असतेच असं मात्र नाही, कारण चाललेल्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं क्राइम क्लबनं स्वतःही काढली.

बुक क्लब हा खराखुरा क्लब. सभासद व्हायचं, ठरलेली पुस्तकं घ्यायची आणि त्या बदल्यात ती स्वस्त मिळायची. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवरच्या फॉइल्स या पुस्तकांच्या दुकानाचा ‘थ्रिलर बुक क्लब’ हा त्यातलाच. मूळ आवृत्ती बाजारात आल्यानंतर निघालेल्या या प्रतींना संग्राहकांच्या बाजारात फारसा भाव नाही. मला मात्र त्या आवडतात. लोकलमध्ये वाचायला जीव घाबरत नाही.

दोन्ही हातात घेतल्यावर फरक कळतो. १९३०च्या दशकातल्या क्राइम क्लबच्या बऱ्याच प्रती नारिंगी कापडात बांधलेल्या, कण्यावर काळी अक्षरं. बुक क्लबची प्रत बहुधा हलकी लागते, कागद हलका आणि कापडाच्या जागी कापडासारखा दिसणारा कागद. वेष्टनावर किंमत नसते. इथे एक गोची आहे. पूर्वी पुस्तक भेट देताना लोक फ्लॅपचा, म्हणजे वेष्टनाच्या आत दुमडलेल्या पट्टीचा, किमतीचा कोपरा कात्रीनं उडवायचे, त्यामुळे किंमत नसलेली प्रत पहिल्या आवृत्तीचीही निघू शकते. कोपरा कापलेला असेल तर आशा ठेवा. कोपरा शाबूत आणि तरीही किंमत कुठेच नाही, तर बुक क्लबचा संशय घ्या.

हार्परकॉलिन्सनं अलीकडे अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या आवृत्त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती पुठ्ठा बांधणीत काढल्या, त्यांवर बुरखाधारीही आला. त्या ओळखायला सोप्या, आत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आधुनिक ओळखक्रमांक असतो. डोकेदुखी होते ती अशी नवी वेष्टनं जुन्या पुनर्मुद्रणावर चढवून विकली जातात तेव्हा. म्हणून शीर्षकपानाच्या मागचं पान बघायचं, ‘रीप्रिंटेड’ बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. वेष्टनाचे दहा फोटो पाठवणारे विक्रेते नेमका त्या पानाचा पाठवत नाहीत. मागून घ्या.